मामीला नाही आवडला

माझी मामी सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीत बसायची. गावात एकच पडदा होता, त्यामुळे सिनेमा बघायचा तर तिच्यासमोर उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काचेला बोलण्यापुरती भोकं, खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट, आत एक उंच स्टूल, आसनांचा तक्ता, लाल पेन्सिल आणि घरघर जास्त व वारा कमी देणारा पंखा. मांडीवर एखादी कादंबरी उघडी. पहिली घंटा झाली की कादंबरी उपडी पडायची आणि मामी कामाला लागायची.

ही नोकरी तिला मामामुळे मिळाली. मामा वायरमन. सिनेमागृहाचे दिवे, पंखे, घंटी सगळं तोच बघायचा. आधीचा तिकीटवाला गल्ल्यात हात मारताना सापडला, तेव्हा मालक मामाला म्हणाले, "एखादं प्रामाणिक माणूस सुचवा हो." मामाने घरातलंच सुचवलं. प्रामाणिकपणा नुसता पैशांपुरता थांबत नाही, याचा विचार तेव्हा दोघांनीही केला नसावा.

कारण पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पैसे पुढे सरकवता सरकवता सहज विचारलं, "कसा आहे हो सिनेमा?"

"मध्यंतरापर्यंत बरा आहे," मामी म्हणाली. "पुढे मला झोप लागली."

गृहस्थांनी हात मागे घेतला, क्षणभर विचार केला आणि पुन्हा पुढे केला. "चालेल. मला तशीही दुपारी झोप लागते." तिकीट घेऊन ते गेले. पण ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या आठवड्यापासून दर तिसरा माणूस काचेला तोंड लावून विचारायला लागला. मामी सांगायला लागली.

मामीची आवड फार चांगली होती, असं मी म्हणणार नाही. ती तिची होती, एवढंच. पाठलागाचे सिनेमे तिला कितीही चालायचे. ज्यात कुत्रा मरतो तो सिनेमा तिच्या लेखी बाद. नायक-नायिका पावलोपावली एकमेकांचा गैरसमज करून घ्यायला लागले की ती म्हणायची, "दोन मिनिटं बसून बोलले असते तर आपण सगळे लवकर घरी गेलो असतो." कादंबरी ती शेवटच्या पानापासून सुरू करायची. शेवट पटला तरच पहिलं पान. कुणी नाक मुरडलं तर तिचं उत्तर तयार असायचं: "लेखक आपल्याला चारशे पानं फरफटत नेणार आणि शेवटी भिंतीवर आपटणार. भिंत आधी बघून घेतली तर काय बिघडलं?"

गाण्यांवरून तर तिचं आणि मामाचं लग्नापासून वाजलेलं. मामाला संथ, उदास, एकेका शब्दावर पाच-पाच मिनिटं मुक्काम करणारी गाणी लागायची. संध्याकाळी हातपाय धुऊन तो रेडिओपाशी डोळे मिटून बसला की मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, "गेला का तो एकदाचा? की अजून निरोपच घेतोय?" मामा डोळे न उघडता म्हणायचा, "तुला नाही कळायचं." मामी म्हणायची, "कळतं की. कळतं म्हणूनच कंटाळा येतो."

टीव्हीवर त्या वेळी एक मालिका चालू होती. घराघरात तिच्यामुळे जेवणं उशिरा होत. आम्ही शेजारच्याच घरात राहायचो आणि आईसाठी ती मालिका म्हणजे जीव की प्राण. त्यातल्या सासूने स्वतःच्या मुलाचा जन्म कितीतरी वर्षं सगळ्यांपासून लपवून ठेवला होता. मामी एकदा पाच मिनिटं बघून उठली. "ही बाई वर्षानुवर्षं एवढं मोठं लपवून बसलीय, आणि आपल्या घरात साखर संपल्याचं तासभर लपत नाही." आई रडत होती, तिला रडता रडता हसू आलं, आणि त्याचाच राग येऊन ती मामीशी दोन दिवस बोलली नाही.

मामीचं मत चुकायचंही. चुकायचं म्हणजे गावाशी जुळायचं नाही. एक घोड्याचा सिनेमा आला होता. "नका जाऊ," ती प्रत्येकाला सांगत होती. "घोडा चांगला आहे, बाकी सगळे लाकडी." तो सिनेमा चालला, चालला, इतका चालला की पोस्टरचा रंग उडाला. लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आले. माझी आई फणकाऱ्याने म्हणाली, "आता तरी कबूल कर वहिनी, तुझं चुकलं म्हणून."

"काय कबूल करू? गर्दी झाली म्हणून मला आलेली जांभई खोटी होती का?"

गावात एक शाळामास्तर होते, त्यांना मामीला आवडलेला एकही सिनेमा कधी आवडला नव्हता. ते खिडकीशी येऊन विचारायचे, "तुम्हाला कसा वाटला?" ती "झकास" म्हणाली की मास्तर नमस्कार करून घरी जायचे. ती "रटाळ" म्हणाली की बायको-मुलांसकट तिकिटं काढायचे. गावात मामीवर एवढा भरवसा दुसऱ्या कुणाचा नसेल. फक्त तो उलट्या बाजूने होता.

मालक कुरकुरायचे. अंगाने भारी, बोलायला मऊ माणूस. "बाई, मिठाईवालाच जर मिठाई शिळी आहे म्हणायला लागला तर दुकान चालायचं कसं?" मामी म्हणायची, "शिळी म्हणून कुठे सांगते? मला गोड लागली नाही एवढंच सांगते." गल्ला चोख होता, गर्दीही फार कमी झाली नव्हती. उलट काही लोक नुसते तिचं ऐकायला म्हणून यायचे आणि आलोच आहोत तर बघू म्हणून आत जायचे. म्हणून मालक गप्प राहिले.

मग त्यांच्या धाकट्या भावाने सिनेमा काढला.

हा भाऊ बरीच वर्षं मोठ्या शहरात होता. कुणाकुणाच्या हाताखाली काम करून शेवटी त्याने स्वतःचा सिनेमा केला. पहिला खेळ भावाच्याच पडद्यावर व्हायचा होता. सिनेमागृहाला नवा रंग दिला, खुर्च्यांची उसवलेली कातडी शिवली. मामाने पोर्चमध्ये दिव्यांच्या माळा सोडल्या. आदल्या सकाळी मालकांनी आपल्या माणसांसाठी सिनेमा लावला. यंत्रावरचा ऑपरेटर, दारावरचे दोघं, झाडूवाली, कँटीनवाला आणि मामी, एवढेच प्रेक्षक.

दिवे लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा भाऊ पडद्याजवळ उभा होता. बारीक अंगाचा, डोळ्यांखाली काळं झालेला. एकेकाला विचारत आला. ऑपरेटर म्हणाला, "छान." दारवाले म्हणाले, "फारच छान." कँटीनवाला म्हणाला, "असा सिनेमा झालाच नाही." मग तो मामीपाशी आला.

"मला कंटाळा आला," मामी म्हणाली.

कँटीनवाल्याला ठसका लागला. भाऊ हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "कुठे आला कंटाळा?"

"नायक डोंगर चढायला लागतो तिथपासून, उतरतो तिथपर्यंत."

"म्हणजे जवळजवळ सगळाच."

"हो. जवळजवळ."

तो मान हलवून पडद्याकडे परत गेला. मालकांनी मात्र मामीला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"बाई, उद्या खिडकीत यातलं एक अक्षर काढायचं नाही."

"बरं. गप्प बसते."

मालक 'बरं' म्हणणार होते. पण धंद्यात मुरलेला माणूस. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "तुम्ही गप्प बसलात तर लोकांना काय वाटेल?"

"जे वाटायचं ते."

"तुम्ही गप्प म्हणजे ओरडल्यासारखंच झालं की हो! नाही, तुम्ही 'छान आहे' म्हणायचं. एवढंच. दोन शब्द."

"ते जमायचं नाही."

"माझा सख्खा भाऊ आहे बाई."

"म्हणून तर. तुमचा सख्खा भाऊ, आणि त्याला मी फसवू?"

मालकांनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनीच मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर आतून एक पाटी चिकटवली: 'तिकीट विक्रेत्यास चित्रपटाविषयी विचारू नये.' ऑपरेटरने मामीला हळूच सुचवलं, "वहिनी, नुसती भुवई वर-खाली करा. लोकांना कळेल." मामी त्याच्यावर उसळली. "मी काय चोर आहे खुणा करायला? सांगेन तर तोंडाने सांगेन."

पहिल्या खेळाला रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर त्या रांगेत होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पहिला माणूस खिडकीशी गेला, विचारायला तोंड उघडलं आणि पाटी वाचली. मामीकडे पाहिलं. मामी तक्त्याकडे बघत होती. त्याने एकच तिकीट घेतलं, बरोबरच्या चौघांना म्हणाला, "मी आधी बघून येतो, तुम्ही थांबा." दुसऱ्याने पाटी मोठ्याने वाचली. मग रांगेत पाटीची बातमी मागे-मागे सरकत गेली, "विचारायचं नाही म्हणे!" "का बरं?" "का म्हणजे काय, समजून घ्या!" शाळामास्तर तेवढे आनंदाने पुढे घुसले. बाकी रांग बघता बघता पातळ झाली.

मालक पोर्चमधून हे बघत होते. ते तरातरा आले, मागच्या दाराने खोलीत शिरले आणि पाटी फाडून काढली. काचेतून सगळ्यांना दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"आता एकेकाला सांगा, छान आहे म्हणून. माझ्यासमोर. मोठ्याने."

"नाही."

"पगार कोण देतं तुम्हाला?"

"तुम्ही देता. तिकिटं फाडायचा. ती मी फाडतेय."

"बाई, शेवटचं सांगतो."

"मीही शेवटचंच सांगते. प्रामाणिक बाई हवी म्हणाला होतात. अर्धी मिळत नाही."

ती स्टुलावरून उतरली. गल्ल्याची किल्ली तक्त्यावर ठेवली, कादंबरी काखेत मारली आणि मागच्या दाराने वळसा घालून पुढे रस्त्यावर आली. रांगेतले लोक तिच्याभोवती गोळा झाले. एका बाईने विचारलं, "आता तरी सांगा, कसा आहे?"

मामी थांबली. मालक काचेआडून बघत होते. "मला नाही आवडला," ती म्हणाली. "तुम्ही जा. तुम्हाला आवडेल कदाचित. पण माझ्या तोंडून छान ऐकायचं असेल तर ते मिळणार नाही." आणि ती घराकडे चालायला लागली.

त्या संध्याकाळी घरात बरंच रामायण झालं. आई म्हणाली, "एक शब्द बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?"

"जीभ माझी आहे. खिडकी त्यांची होती, ती त्यांना परत दिली."

"हातची नोकरी घालवलीस. आणि कशापायी? एका सिनेमापायी! सिनेमा म्हणजे काय देवाघरचा न्यायनिवाडा आहे?"

"नाहीच आहे. एवढ्याशा गोष्टीत जर मला खोटं बोलायला लावतात, तर मोठ्या गोष्टीत काय करतील?"

आईने मामाकडे पाहिलं. त्याचीही सिनेमागृहातली कामं जाणार हे उघड होतं. मामा रेडिओची कळ फिरवत होता. तो म्हणाला, "हिने जन्मभर माझ्या गाण्यांना सोडलं नाही. मालकाचा भाऊ असा कोण लागून गेलाय?" मग त्याला हवं ते गाणं लागलं आणि त्याने आवाज वाढवला. त्या दिवशी तरी मामी त्यावर काही बोलेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती बोलली. "आज तरी जरा ताल असलेलं लाव रे. घरात आधीच सुतक असल्यासारखं झालंय."

काही आठवडे ती घरीच होती. त्यात तिला खिडकीची आठवण यायची नाही असं नाही. पहिल्या घंटेची वेळ झाली की ती उगाच उठून अंगणात जायची, कपडे वाळले का बघायची. मी एकदा विचारलं, "मामी, वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाटतं ना. पण वाईट वाटणं आणि चूक वाटणं यांची गल्लत करू नकोस."

मग चौकातल्या औषधाच्या दुकानात तिला काम मिळालं. दुकानवाले काका एकटे, अबोल, हेरकथांचे वेडे. शेवटचं पान आधी वाचणारी माणसं जगात असतात हे कळल्यावर त्यांना एवढा धक्का बसला, की अबोल माणूस बोलका झाला. "अहो, खुनी कोण हे आधीच कळलं तर उरलं काय?" मामी गोळ्यांच्या पट्ट्या कापता कापता म्हणायची, "तो पकडला जाईपर्यंत कसा वागतो ते उरलं की! गंमत त्यातच आहे." त्यांचा वाद कधी मिटला नाही.

इकडे सिनेमागृहाच्या खिडकीत मालकांचा भाचा बसायला लागला. तो प्रत्येक सिनेमाला "एकदम छान" म्हणायचा. थोड्या दिवसांनी लोकांनी त्याला विचारणंच सोडलं. आणि औषधाच्या दुकानात हळूहळू असे लोक यायला लागले ज्यांना काही झालेलं नसायचं. खोकल्याच्या गोळ्या घ्यायचे आणि आवाज खाली करून विचारायचे, "तो नवीन लागलाय तो?" मामी मुद्दाम आवाज चढवून उत्तर द्यायची. इथेही तिला कुजबुज मान्य नव्हती.

धाकट्या भावाचा सिनेमा लवकरच उतरला. त्यानंतर एका दुपारी तो स्वतः दुकानात आला. मी डोक्याला लावायचा बाम घ्यायला गेले होते. त्याने काहीच मागितलं नाही. काउंटरला टेकून उभा राहिला.

"सगळे छान म्हणाले," तो म्हणाला. "मग आले का नाहीत?"

मामीने त्याला स्टूल दिलं. "छान म्हणणारे पुन्हा येत नसतात. त्यांचं काम संपलेलं असतं."

"तुम्हाला तो डोंगर कळला नाही."

"असेल."

"तो डोंगर म्हणजे त्याचा बाप आहे. तो चढतो म्हणजे बापाला—"

"ते कळलं मला. दोनदा कळलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तुम्ही तेच सांगत राहिलात."

त्याचा चेहरा लाल झाला. "मी एकही दृश्य कमी करणार नाही. आजही नाही!"

"कुणी सांगितलंय कमी करायला? तुमचा सिनेमा आहे. मला नाही आवडला, एवढंच."

मग जे जुंपलं! औषधाच्या चिठ्ठ्या हातात धरून लोक उभे, आणि हे दोघं डोंगरावरून हटायला तयार नाहीत. तो हातवारे करून सावल्या समजावतोय, ही म्हणतेय, "सावल्या सुरेख, पण त्यात माणूस कुठे?" शेवटी मामी म्हणाली, "एक सांगू? ती बहीण दारात उभी राहून त्याचे बूट पुसते आणि काही बोलत नाही, तिथे मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. ती पुन्हा दिसलीच नाही. डोंगरच दिसत राहिला."

"ती माझी बहीण आहे," तो म्हणाला. "म्हणजे, तिच्यावरूनच घेतलंय." आणि लगेच मान ताठ केली. "पण डोंगर राहणार."

"राहू द्या," मामी म्हणाली. "मला नाही आवडणार."

तो गेला तेव्हा आला होता त्यापेक्षा बरा दिसत होता. काका म्हणाले, "बिचाऱ्याशी किती भांडलात हो." मामी म्हणाली, "त्याच्या सिनेमावरून भांडायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तेवढ्यासाठीच आला होता."

पुढे मालकही आले. रीतसर खोकल्याचं औषध मागितलं, बाटली खिशात टाकली आणि घुटमळले. "बाई, परत या. भाच्याला हिशोबही जमत नाही. फक्त जरा... मवाळ बोला."

"मवाळ म्हणजे कसं?"

"म्हणजे 'नाही आवडला' ऐवजी 'वेगळा आहे' म्हणायचं."

मामी खळखळून हसली. मालकही ओशाळं हसले. पण तिने मान हलवली. "मी इथे बरी आहे. इथे काका मला कडू औषध गोड आहे म्हणून विकायला सांगत नाहीत."

ती खिडकीत परत कधी बसली नाही. पण दर शुक्रवारी काम आटपून रांगेत उभी राहायची. मालक एकदा दाराशी आडवे आले, "बाई, तुम्हाला कशाला तिकीट? चला आत." मामीने हात जोडले. "नको. फुकट बघितला की नावं ठेवायला जीभ अडखळते." आणि मध्यंतरात ती पोर्चमध्ये आली की भोवती घोळका व्हायचा. मालक आत निघून जायचे. दार मात्र त्यांनी कधी लावून घेतलं नाही.

आता मामी सत्तरीच्या पुढे गेली आहे. मामा गेल्यावर त्याचा रेडिओ तिने कुणाला दिला नाही. त्यावर ती तिची नाचरी गाणी लावते. एकदा मी म्हटलं, "मामाचं एखादं लाव ना, आठवण म्हणून." ती म्हणाली, "त्याची आठवण मला येते. गाणी मला तेव्हाही आवडत नव्हती. मेलेल्या माणसाशी खोटं बोलू का आता?"

गेल्या महिन्यात मी तिला सिनेमाला घेऊन गेले. मी शेवटी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला रुमाल दिला. दिवे लागले, मी मामीकडे पाहिलं. ती चपला शोधत होती.

"काय गं, कसा वाटला?"

"लांबला."

"मामी! अगं, ती आई शेवटी—"

"मला नाही आवडला."

"मला फार आवडला," मी म्हटलं. "आणि तू काहीही म्हण, मला तो आवडतच राहणार."

मामीने माझ्याकडे वळून पाहिलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं हाती लागल्यासारखं. "बरं, का आवडला सांग," ती म्हणाली आणि माझा दंड धरून पायऱ्या उतरायला लागली. घर येईपर्यंत आमचं भांडण चाललं होतं. दारात तिचं म्हणणं अजून पूर्ण व्हायचं होतं, म्हणून आम्ही आणखी एक चक्कर मारली.